तेलविहिरीतली वाळू: अडवायची की येऊ द्यायची?

कोल्हापूरच्या पायाखाली काळा बसाल्ट, तेलाचा प्रश्नच नाही. महाराष्ट्राला जवळचं मुंबई हाय तेलक्षेत्र मुख्यतः चुनखडीचं, ठिसूळ वाळूखडकाचं नाही, त्यामुळे तेलासोबत वाळू येण्याची कटकट आपल्या कानावर फारशी आली नाही. पण शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना यातली निम्मी भाषा पाठ असेल: दाण्याचं माप, चाळणी, रेझिन.

वाळू अडवायला विहिरीत जाळी बसवतात; तिच्याभोवती खडी भरायची रीत पाण्याच्या विहिरींतून आली. भरावाचा मधल्या मापाचा दाणा तेलाच्या थरातल्या मधल्या दाण्याच्या ५ ते ६ पट असावा, हा १९७४ चा ठोकताळा आजही चालतो. शेल मोल्डिंगला (ओतकामाचे पातळ साचे करायला) लागते त्याच जातीची फिनॉलिक रेझिनची वाळूही पुढे विहिरीत उतरली.

खरा वाद जाळी कधी बसवायची याचा. आधीच बसवली तर खर्च वाढतो आणि बारीक कणांनी ती तुंबली की उत्पादन घटतं. नाही बसवली तर वाळू व्हॉल्व्ह आणि चोक (प्रवाह आवरणारं अरुंद तोंड) खाऊन टाकते. म्हणून अंदाज बांधायचा. ध्वनिलहरींच्या नोंदींवरून आणि प्रयोगशाळेत खडकाची पोकळ नळकांडी दाबून, विहिरीतला दाब किती उतरवला की खडक सुटेल ते काढतात. अडचण अशी की हे उत्तर कायमचं नसतं. साठ्याचा दाब उतरतो तसा दाण्यांवरचा भार वाढतो. पाणी शिरलं की दाण्यांना धरून ठेवणारा केशाकर्षणाचा जोर जातो आणि वर्षानुवर्षं स्वच्छ चाललेली विहीर वाळू ओकू लागते. जाळीवाल्यांचा सगळा भर इथेच.

कॅनडात लॉइडमिन्स्टरच्या जड तेलात उलटंच झालं. १९८०-९० च्या दशकांत स्क्रू पंप लावून वाळू मुद्दाम येऊ दिली आणि तेल कितीतरी वाढलं. उत्तर समुद्रातही पाइपवर ध्वनी-सेन्सर बसवून थोडी वाळू सोसायला सुरुवात झाली. ‘शून्य वाळू’चा आग्रह बऱ्याच ठिकाणी हिशेबापेक्षा सवयीचा होता, असं मला तरी वाटतं.

खोल समुद्रात मात्र ही मोकळीक नाही. तिथे विहीर पुन्हा उघडायची तर मोठं जहाज आणावं लागतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात एप्रिल २००९ मध्ये खोल समुद्रातला गॅस सुरू झाला आणि काही वर्षांतच पाणी व वाळू शिरून काही विहिरी बंद कराव्या लागल्या. उत्पादन का घसरलं यावर मोठं भांडण झालं, ते साठ्याच्या अंदाजावर आणि विहिरींच्या संख्येवर. वाळूचा वाटा त्यात मागे पडला.