कुत्र्याच्या गुदग्रंथी

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन बाजूंना कातडीखाली असलेल्या लहान पिशव्या. शेपूट वर धरून मागून पाहिले, तर घड्याळात 4 आणि 8 असतात त्या जागी या येतात. भरल्या की बोटाला लागतात. बारीक नळीने त्या गुदद्वाराच्या कडेला उघडतात. आतल्या तपकिरी, तेलकट स्रावाला मासळीसारखा उग्र वास येतो. शी घट्ट असली की बाहेर पडताना पिशव्यांवर दाब येऊन त्या आपोआप रिकाम्या होतात. कुत्रा घाबरला तरी स्राव एकदम उडतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत कुत्रा अंगणात बूड घासत सरकू लागला की ‘जंत झाले’ म्हणून गोळी दिली जाते. जंत असू शकतातही. पट्टकृमीचे तांदळाएवढे पांढरे तुकडे शेपटीखाली चिकटलेले दिसतात. पण गोळी देऊनही घासणे थांबले नाही, कुत्रा मागे वळून सारखा चाटत राहिला, बसता बसता दचकून उठला, तर ग्रंथी तुंबल्या आहेत असे धरून डॉक्टरांकडे न्यावे. दवाखान्यात कानडी बोलताना अडत असेल, तर घासतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्यावा. कुत्रा तिथे टेबलावर गप्प उभा राहतो आणि लक्षण दिसतच नाही.

तुंबण्यामागे बहुतेक वेळा सतत पातळ होणारी शी, लठ्ठपणा किंवा कातडीची ॲलर्जी असते. मुधोळ जातीचा सडपातळ कुत्रा असो की पोमेरेनियन, पिशव्यांची रचना एकच. मात्र लहान चणीच्या जातींना हा त्रास जास्त होतो. दुधाने किंवा सणाला लाडाने चारलेल्या कुंद्याने (दुधाच्या मिठाईने) पोट बिघडणाऱ्या कुत्र्याला ते पदार्थ बंदच करावेत. उकडलेला लाल भोपळा थोडा दिला की शीला आकार येतो.

डॉक्टर हातमोजा घालून, वंगण लावलेले बोट आत घालून अंगठ्याच्या दाबाने पिशवी हळूच रिकामी करतात. निरोगी कुत्र्याच्या ग्रंथी प्रत्येक आंघोळीला पिळून घेण्याची मुळीच गरज नसते. उलट त्याने नळीला सूज येऊ शकते.

दुर्लक्ष झाले तर स्राव घट्ट होतो, पू धरतो आणि गुदद्वाराशेजारी गळू फुटते. ते भोक पाहून दुसरा कुत्रा चावला असे अनेकांना वाटते. हळद-तेल लावून वाट पाहू नये. माणसांची वेदनाशामक गोळीही देऊ नये, ती कुत्र्याला विषारी ठरू शकते. जखम धुऊन प्रतिजैविक सुरू करणे हाच उपाय. त्रास पुन्हा पुन्हा उलटला तर शस्त्रक्रियेने पिशव्या काढतात, पण त्यात शीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो.

वय झालेल्या कुत्र्यात एकाच बाजूला कठीण गाठ लागली तर कर्करोगाची शंका घ्यावी. या गाठीमुळे रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. मग कुत्रा खूप पाणी पितो, वारंवार लघवी करतो, आणि मालक मूत्रपिंडाचा आजार समजून बसतो. बाहेरून काहीच न दिसणारी गाठही बोट घालून तपासले की सापडू शकते, तेव्हा म्हाताऱ्या कुत्र्याला लसीसाठी नेले की डॉक्टरांना ही तपासणी करायला सांगावी.