मॉडेम बदलण्याआधी स्प्लिटर बघा

अमेरिकेत कितीतरी घरांत इंटरनेट अजूनही टीव्हीच्या कोएक्स केबलमधूनच येतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तक्रार ठरलेली: सिनेमा सुरळीत चालतो, पण पुण्याला आईशी व्हिडिओ कॉल लावला की आवाज तुटतो. मग नवा मॉडेम येतो आणि आवाज तुटायचा तो तुटतोच.

सिनेमाचा पुढचा भाग आधीच येऊन साठलेला असतो, म्हणून क्षणभराचा खंड कळत नाही. कॉलमध्ये तो लपत नाही. शिवाय कॉलमध्ये आपल्यालाही पाठवायचं असतं, आणि खरी रड बहुतेकदा तिथेच असते. वाटेत सिग्नल क्षीण होत असेल तर मॉडेम स्वतःच्या पाठवण्याचा जोर चढवत नेतो. त्यालाही मर्यादा आहे.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका. बहुतेक केबल मॉडेम आपले आकडे तिथे दाखवतात. येणारी पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये (सिग्नलच्या जोराचं माप) असली की उत्तम. जाणारी साधारण ३५ ते ५० असावी. ५०च्या वर गेली की मॉडेम दमला म्हणून समजा. नोंदींत 'टी-३ टाइमआउट' सारखं दिसत असेल तर त्याने हाक मारली, पण पलीकडून ओ आली नाही.

आता टीव्हीमागे धूळ खात पडलेला स्प्लिटर, म्हणजे एक केबल अनेक ठिकाणी वाटणारी डबी, बाहेर काढून बघा. तीन तोंडांच्या स्प्लिटरवर बरेचदा एका तोंडाशी ३.५ आणि उरलेल्या दोन्हींशी ७ डीबी (सिग्नल किती घटतो त्याचं माप) छापलेलं असतं. ३.५ म्हणजे निम्म्याहून जरा कमी शक्ती पुढे जाते. ७ म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. घट येताना होते तशीच जातानाही होते. मॉडेम ३.५च्या तोंडाला लावा. स्प्लिटर वगळून थेट लावून पाहिला तर आणखी बरं. जोडण्या घट्ट आवळा. ढिल्या जोडणीतून बाहेरचा गोंगाट आत शिरतो.

मॉडेम घ्यायचाच असेल तर डॉक्सिस ३.१चा (डॉक्सिस म्हणजे केबल इंटरनेटचं मानक) घ्या, आणि आधी कंपनीच्या मंजूर यादीत त्याचं मॉडेल शोधा. यादीत नसेल तर तो चालूच होणार नाही, अशी शक्यता असते. इंटेलच्या प्यूमा ६ चिपचे जुने मॉडेम स्वस्तात मिळाले तरी नको; त्यांचा प्रतिसाद अधूनमधून अडखळतो, हे जगजाहीर आहे.

थेट लावूनही आकडा ५०च्या वरच राहिला, तर दोष बहुधा बाहेरच्या तारेत आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच कंपनीला फोन लावा. नाहीतर 'मॉडेम बंद करून चालू करा' यातच अर्धा तास जातो.