डीटी१०४ : गोठ्यातून आला, पण गोठ्यातच राहिला का?

सॅल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचे अडीच हजारांहून जास्त प्रकार ओळखले गेले आहेत, पण माणसाला सर्रास आजारी पाडणारे त्यांतले मोजकेच. टायफिम्युरियम हा त्यांतला एक, आणि त्याला कुठल्याच प्राण्याचं वावडं नाही. गाय, डुक्कर, कोंबडी, कबूतर, उंदीर, माणूस, कुणाच्याही आतड्यात तो मुक्काम ठोकतो. विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि कच्चं दूध, अर्धवट शिजलेलं मांस किंवा न धुतलेले हात यांतून पुढच्या पोटात पोचतो.

१९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये याचा डीटी१०४ हा वाण दिसू लागला. नव्वदच्या दशकात तो गुरांमध्ये फोफावला आणि अटलांटिकपलीकडेही पोचला. धास्ती होती ती औषधांना दाद न देण्याची. अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा औषधं आणि टेट्रासायक्लिन, पाचही निष्प्रभ! या प्रतिकाराची जनुकं जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रातच एका ठिकाणी, एकगठ्ठा बसलेली असतात. त्यामुळे वासराला नुसतं टेट्रासायक्लिन दिलं, तरी तगून राहणारा जिवाणू उरलेल्या चारही औषधांना पुरून उरणारा असतो. एकच औषध थांबवून हा प्रश्न सुटत नाही, तो यामुळेच.

१९९८ साली डेन्मार्कमध्ये डीटी१०४ची साथ आली. माग काढत तपास डुकरांच्या एका कळपापर्यंत पोचला. तिथला जिवाणू क्विनोलोन गटाच्या औषधांनाही जुमानत नव्हता. दोन रुग्ण दगावले. जनावर ते माणूस हा रस्ता इतका उघड दिसल्यावर सगळा दोष पशुपालनावर गेला, तो स्वाभाविकच होता.

पण २०१३ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं हे चित्र बदललं. संशोधकांनी प्रामुख्यानं स्कॉटलंडमधून, १९९० ते २०११ या काळात माणसं आणि जनावरांकडून गोळा झालेल्या ३७३ नमुन्यांची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचली. जनुकांत कालांतरानं होणारे बारीक बदल जुळवून कोणता जिवाणू कुणाचा वंशज, हे ठरवता येतं. माणसांतली साथ आणि जनावरांतली साथ बऱ्याच अंशी वेगवेगळ्या चालत होत्या, असं त्यातून दिसलं. मधली ये-जा थोडी होती, आणि ती दोन्ही दिशांनी! शिवाय औषधप्रतिकाराची विविधता माणसांकडच्या नमुन्यांत जास्त निघाली. ती सगळी स्थानिक गुरांकडून आली असणं अवघड होतं. आयात केलेलं अन्न आणि परदेशप्रवास या शक्यताही पुढे आल्या.

मला यात विरोधाभास दिसत नाही. डेन्मार्कमध्ये एका कळपाचं मांस काही घरांत पोचलं, म्हणून तिथले लोक आजारी पडले. स्कॉटलंडमध्ये प्रश्न वेगळा होता : वीसेक वर्षं साथ जिवंत कोण ठेवतं? गोठ्यातली औषधं आवरणं गरजेचं आहेच, पण माणसांतल्या साथीचा बंदोबस्त तेवढ्यानं होणार नाही. दवाखान्यातली प्रतिजैविकं आणि बंदरावर उतरणारं अन्न यांवरही नजर ठेवावी लागेल.