गेम सुरू होतानाच क्रॅश होणं (विंडोज पीसी)

आयकॉनवर डबल क्लिक केलं, काळी स्क्रीन आली, कर्सर दोनदा गरगरला आणि परत डेस्कटॉप. याला लाँचला क्रॅश होणं म्हणतात, आपल्या भाषेत गेम उडणं. तासभर खेळून मग उडणारा गेम वेगळा, तिथे बऱ्याचदा पीसी तापणं किंवा पॉवर सप्लाय असलं काहीतरी निघतं. सुरू होतानाच उडतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा गेमला हवी ती फाइल सापडत नसते, नाहीतर सापडते पण बिघडलेली असते, नाहीतर त्याला कुठेतरी लिहायचं असतं आणि विंडोज लिहू देत नाही.

यावर सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे "अनइन्स्टॉल करून परत टाक", आणि ८०-१०० जीबी परत उतरवल्यावर कळतं की जैसे थे. कारण सेटिंगच्या फाइली बऱ्याच गेममध्ये डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, अनइन्स्टॉल केलं तरी त्या तिथून हलत नाहीत. पीसीवर २००५ साली आलेला जीटीए सॅन अँड्रियास घ्या, त्याची 'जीटीए_एसए.सेट' ही फाइल डॉक्युमेंट्समधल्या यूजर फाइल्स फोल्डरमध्ये असते, ती बिघडली की गेम कितीही वेळा टाका, उडणारच, आणि ती एक फाइल डिलीट केली की गेम स्वतः नवी बनवतो आणि चालू होतो. अख्खा फोल्डर मात्र उडवू नका, सेव्ह केलेले गेम पण तिथेच असतात. स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवरचा गेम असेल तर फाइली व्हेरिफाय करायचा ऑप्शन आहे, तो फक्त बिघडलेल्या फाइलीच परत आणतो.

खरी माहिती असते इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, जिथे सहसा कोणी बघत नाही. विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन उघडायचं, क्रॅशच्या वेळेची १००० नंबरची लाल नोंद शोधायची आणि 'फॉल्टिंग मॉड्यूल' (ज्या फाइलीत क्रॅश झाला ती) पुढचं नाव वाचायचं. तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरची (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल दिसली तर आधी ड्रायव्हर बघा, ओव्हरलेवाल्या (गेमवर चॅट, एफपीएस असलं काहीतरी दाखवणाऱ्या) सॉफ्टवेअरची दिसली तर ते बंद करा. 'एनटीडीएलएल' दिसलं म्हणून लगेच विंडोज फॉरमॅट करायला घेऊ नका, ती विंडोजचीच फाइल आहे, घोळ बहुतेक दुसऱ्याने घातलेला असतो आणि नाव हिचं येतं.

'व्हीसीरनटाइम१४०' नाही असा मेसेज आला तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ चं पॅकेज टाकायचं, ३२ आणि ६४ बिट दोन्ही, कारण ६४ बिट विंडोजवरसुद्धा ३२ बिट गेमला ३२ चंच लागतं. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले की '०एक्ससी०००००७बी' हा एरर येतो. 'डी३डीएक्स९_४३' मागत असेल तर जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम, विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी ही जुनी फाइल त्यात येत नाही. सुटी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी असली जोडफाइल) कुठल्यातरी साइटवरून उतरवून फोल्डरमध्ये टाकायची सवय वाईट, एक तर व्हर्जन चुकतं नाहीतर व्हायरस येतो.

आपल्याकडे एक भानगड जास्त होऊ शकते. पीसी सेट करताना यूजरचं नाव मराठीत टाकलं की सी ड्राइव्हमधला यूजर फोल्डर पण देवनागरीत बनतो, आणि युनिकोड (सगळ्या लिप्यांची एकच अक्षरयादी) न कळणाऱ्या जुन्या गेमला तो पत्ता वाचताच येत नाही. अरबी, रशियन, जपानी वगैरेंसाठी विंडोजमध्ये जुनी कोड पेज (त्या त्या लिपीच्या अक्षरांचे तक्ते) आहेत, देवनागरीसाठी तसं कोड पेज कधी दिलंच नाही, त्यामुळे अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि गेमला सेव्हचा फोल्डरच बनवता येत नाही. सेटिंगमधून नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही, इंग्रजी नावाचं नवीन अकाउंटच उघडावं लागतं. विंडोज सिक्युरिटीमधला कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस (अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमध्ये लिहू न देणारं सेटिंग) चालू असेल तरी लक्षणं अशीच, तिथे गेमला परवानगी द्यायची.

सीडी-डीव्हीडीवरचे जुने गेम हा वेगळाच विषय. त्यातल्या सेफडिस्क नावाच्या कॉपी प्रोटेक्शनचा ड्रायव्हर २०१५ च्या विंडोज १० पासून काढून टाकलाय, त्यामुळे अस्सल विकत घेतलेली डिस्क असूनही गेम सुरू होत नाही.

आणि कधीकधी एररच फसवतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर अनरिअल इंजिनवर बनवलेले गेम सुरुवातीला शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) बनवतानाच उडायचे आणि मेसेज यायचा की व्हिडिओ मेमरी संपली, लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. दोष प्रोसेसरच्या व्होल्टेजचा होता, ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड) अपडेट आलं जे बायोस, म्हणजे मदरबोर्डचं सॉफ्टवेअर, अपडेट करून टाकावं लागतं. पण ते पुढचं नुकसान टाळण्यापुरतं, आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही, तो वॉरंटीतून बदलूनच घ्यावा लागतो, आणि इंटेलने त्यासाठी वॉरंटी २ वर्षं वाढवून दिली.