पर्यावरणीय सुदूर संवेदन व जीआयएस (पदव्युत्तर अभ्यासक्रम)

उपग्रह, विमान किंवा ड्रोनवरच्या संवेदकांनी टिपलेल्या प्रतिमांवरून जंगल, पाणी, शेती, हवा, बर्फ यांतले बदल मोजणे आणि भौगोलिक माहिती प्रणालीत (जीआयएस) ते इतर माहितीशी ताडून पाहणे, याचे पदव्युत्तर शिक्षण. भूगोल, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, कृषी, स्थापत्य, संगणक अशा निरनिराळ्या शाखांचे पदवीधर या अभ्यासक्रमाला येतात. त्यामुळे एकाच वर्गात कुणी कोडची एक ओळही लिहिलेली नसते, तर कुणाला साग आणि साल या झाडांतला फरक ठाऊक नसतो.

हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्याचे प्रशिक्षण देणारी आयटीसी ही संस्था नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १९५० साली सुरू झाली. १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडाच्या जमीन-पाहणीसाठी संगणकीय प्रणाली उभारली. 'जीआयएस' हे नाव तिथूनच रूढ झाले. २३ जुलै १९७२ रोजी पृथ्वीच्या प्रतिमा टिपणाऱ्या अमेरिकी लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सुटला. अभ्यासाचा बाज मात्र खरा बदलला तो २००८मध्ये लँडसॅटचा संग्रह सर्वांना मोफत झाल्यावर. तोवर चार-दोन विकत घेतलेल्या प्रतिमांवर प्रबंध उभा राहत असे; आता दशकांची मालिका हाताशी असते.

सुरुवातीला विद्युतचुंबकीय वर्णपट आणि नकाशा-प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीती) शिकवतात. प्रक्षेपाचा तास कंटाळवाणा म्हणून बदनाम आहे. पण वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपात ६०° अक्षांशावर क्षेत्रफळ चौपट भरते, हे विसरून जंगलाचे हेक्टर मोजणारे थोडेथोडके नाहीत. पुढे प्रतिमांचे वर्गीकरण (प्रत्येक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला ठिपका, जंगल की पाणी की शेत हे ठरवणे), अवकाशीय सांख्यिकी (ठिकाणांशी जोडलेल्या आकड्यांची) आणि पायथन किंवा आर यांतले प्रोग्रॅमिंग येते. सॉफ्टवेअरची बटणे महिनाभरात अंगवळणी पडतात. आलेल्या आकड्यावर शंका घेणे शिकायला दोन वर्षेही अपुरी पडतात.

त्याचे चांगले उदाहरण सेंटिनेल-२ या उपग्रहाचे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त परावर्तित करते. अवरक्तातून तांबडा वजा करून आलेल्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा वनस्पती-निर्देशांक मिळतो. तांबड्याचे मूल्य ५०० आणि अवरक्ताचे ३५०० असेल, तर उत्तर ०.७५. २५ जानेवारी २०२२पासून या उपग्रहाच्या नव्या प्रतिमांत साठवलेल्या मूल्यांवर १०००ची भर असते. ती वजा न करता गणित केले, तर वजाबाकी तेवढीच राहते, बेरीज मात्र ६००० होते आणि उत्तर येते ०.५०. झाडे जागच्या जागी उभी असतात, आलेखात जंगल विरळ झालेले दिसते.

अचूकतेची टक्केवारीही अशीच फसवी. प्रतिमेत पाणी २ टक्केच असेल, तर सगळीकडे 'जमीन' लिहिणारे वर्गीकरण ९८ टक्के अचूक ठरते आणि त्यात एकही तळे नसते. म्हणून प्रत्येक वर्गाची चूक वेगळी दाखवणारा त्रुटी-तक्ता प्रबंधात मागतात.

त्यासाठी जमिनीवर जाऊन पडताळणी करावी लागते. जीपीएस घेऊन ठरलेल्या बिंदूवर पोहोचायचे आणि जे दिसेल ते लिहायचे. सेंटिनेल-२चा पिक्सेल १० मीटरचा, लँडसॅटचा ३० मीटरचा. साध्या फोनचे स्थान झाडाखाली काही मीटर सहज सरकते. शेताच्या बांधावर उभे राहून घेतलेला बिंदू म्हणूनच निरुपयोगी ठरतो: त्या पिक्सेलमध्ये अर्धे शेत आणि अर्धा रस्ता असतो. असे बिंदू वगळल्यावर यादी बरीच आखूड होते, आणि पुन्हा फेरी मारावी लागते.