टोपाची केसघनता

टोपाच्या, म्हणजे विगच्या, पायावर केस किती दाट बसवले आहेत हे सांगणारे माप. ते टक्क्यांत सांगतात. १०० टक्के म्हणजे सर्वसाधारण डोक्यावरचे केस, असे धरून ८० विरळ, १२० ते १३० मध्यम, १५० दाट आणि १८० च्या पुढे फार दाट, अशी ढोबळ विभागणी रूढ आहे. या टक्क्यांना सर्वमान्य प्रमाण नाही. एका कारखान्याचे १३० दुसऱ्याच्या १५० इतके भरू शकते. म्हणून आकड्यावर विसंबण्यापेक्षा टोप हातात घेऊन भांग पाडून पाहावा. घनता खरी कळते ती भांगात.

सोलापुरात हे समजावून सांगायला माग पुरेसा आहे. टॉवेलाचा भरीवपणा इंचात किती धागे आहेत एवढ्यावर ठरत नाही. सुताचा काउंट, म्हणजे सूत किती जाड-बारीक ते, आणि वर उठलेल्या फासांची उंचीही पाहावी लागते. (विणकराची फणी आणि डोक्याची फणी, शब्दही एकच.) टोपातही पायाला केस बांधणाऱ्या गाठी तितक्याच असल्या तरी जाड केस अधिक भरतो, भारतीय केस युरोपीय केसापेक्षा बहुधा जाड असतो. कुरळे केस फुगून जागा व्यापतात, सरळ केस चापून बसतात. त्यामुळे कुरळ्या टोपाला थोडी कमी घनता पुरते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या लांबीच्या बाबतीत. जुडीतले सगळे केस सारख्या लांबीचे नसतात. आखूड केस वरच संपतात आणि टोके शेपटीसारखी निमुळती होतात. खांद्यापर्यंतच्या टोपाला १३० टक्के शोभतात, पण तेवढ्याच घनतेची कमरेपर्यंतची वेणी खाली उंदराच्या शेपटीसारखी दिसते. तिथे १५० ते १८० लागतात. उलट बॉबकटला १८० दिले तर डोक्यावर शिरस्त्राण ठेवल्यासारखे वाटते. आखूड केस निवडून काढलेल्या, ‘डबल ड्रॉन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या केसांत टोके भरीव राहतात. किंमतही तशीच असते.

पायाचा प्रकारही महत्त्वाचा. यंत्रावर शिवलेल्या पट्ट्यांच्या टोपात शिवण झाकावी लागते, म्हणून तो फार विरळ करता येत नाही. जाळीवर आकडीसारख्या सुईने एकेक केस गाठून केलेल्या टोपात घनता जागेनुसार बदलता येते. कपाळाच्या कडेला ती कमीच हवी, कारण खरे केस तिथे हळूहळू दाट होत जातात. भिंतीसारखी सुरू झालेली कड टोप असल्याचे लगेच सांगते.

निवड वापरावरही ठरते. लावणीच्या फडात किंवा हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर प्रेक्षक लांब बसतो आणि प्रकाश प्रखर असतो. तिथे भरघोस टोप, अंबाडा, गंगावन खुलते. रोजच्या वापराचे गणित वेगळे. साधारण निम्मे केस कमी होईपर्यंत विरळपणा सहसा इतरांच्या नजरेत भरत नाही, त्यामुळे मध्यम घनताही लोकांना भरपूर वाटते. पन्नाशीनंतर १०० ते १२० अधिक खरे दिसतात. पुरुषांचा पॅच, म्हणजे टकलापुरता छोटा टोप, कानावरच्या स्वतःच्या केसांशी जुळला पाहिजे. विशीतली दाटी परत मागण्याचा मोह इथे नडतो.

केमोथेरपीत केस बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. बार्शीच्या कर्करुग्णालयात उपचार घेणाऱ्यांनी किंवा इतर कोणीही त्याआधीच आपला फोटो काढून वेणीचा घेर मोजून ठेवला, तर घनता ठरवणे सोपे जाते. टाळू हुळहुळी झालेली असते, चेहराही उतरलेला असतो. अशा वेळी हलका टोप बरा. चाई पडलेल्यांना पूर्ण टोप लागेलच असे नाही.

सोलापूरचा उन्हाळा हा स्वतंत्र मुद्दा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. जास्त घनता म्हणजे जास्त वजन, जास्त घाम आणि वारा कमी. डोक्यावर पदर घेणाऱ्या बाईचा माथा झाकलेलाच राहतो; तिने कपाळाची कड आणि भांग पाहावा, माथ्यावर कमी केस चालवून घ्यावेत.

शंका असेल तर एक पायरी कमी घ्यावी असे सर्रास सांगतात. ते अर्धेच खरे. जास्तीचे केस थिनिंगच्या कात्रीने कमी करता येतात, पण घालायचे तर पुन्हा गाठी माराव्या लागतात आणि ते काम महाग पडते. शिवाय विंचरताना, धुताना गाठी सुटून टोप आपणहून विरळ होत जातो. म्हणून रोज वापरायच्या जाळीच्या टोपाला घनता आधीच थोडी जास्त धरतात.