संशोधन फक्त डॉक्टरांचंच काम?

"नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन यांना रिसर्च इंटर्नशिप करता येत नाही, संशोधन डॉक्टरांनीच करायचं" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. वॉर्डातली उतरंड रोज पाहणाऱ्याला तो खरा वाटणं स्वाभाविक आहे. पण असा सरसकट नियम नाही.

आधी अभ्यासक्रम उघडून बघा. बी.एस्सी. नर्सिंगला संशोधन आणि संख्याशास्त्र शिकवतात, एम.एस्सी.ला प्रबंध लिहावाच लागतो.

मग वॉर्डात या. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला बेडसोर (सतत पडून राहिल्यानं होणारी जखम) होण्याचा धोका किती, हे मोजणारं 'ब्रेडन स्केल' १९८०च्या दशकात दोन नर्सनी तयार केलं. संवेदना, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना गुण द्यायचे. बेरीज ६ ते २३ मध्ये येते. जितकी कमी, तितका धोका जास्त. रात्रपाळीत पेशंटची कूस बदलणाऱ्यांनाच हे नेमकं दिसतं, आणि म्हणून त्यांचं संशोधन मला मोलाचं वाटतं.

काही जागा एमबीबीएस झालेल्यांसाठीच राखीव असतात, हे खरं. म्हणून फॉरवर्डवर न थांबता मूळ जाहिरातीतली 'पात्रता' स्वतः वाचा. मार्गदर्शक कोण आणि एथिक्स कमिटीची (संशोधनात पेशंटची सुरक्षितता आणि हक्क जपले जातात का, हे तपासणारी समिती) मंजुरी आहे का, हेही विचारून घ्या.